हात लावू नये

भुसावळला लोक गाडी बदलतात,
भुसावळ बघायला कोण येतं,
असं आप्पा म्हणाले, मोजे चढवता चढवता,
आणि आम्हा सगळ्यांच्या आधी कारमध्ये जाऊन बसले.

डिसेंबरातला रविवार.
डब्यात भरीत, कळण्याच्या पुऱ्या, वर पातीचा कांदा.
फैजपूर सोडल्यापासून केळीच्या ट्रकमागे आम्ही,
आणि मागच्या सीटवर शाळेचा प्रकल्प:
परिसरातील पाच स्थळे, फोटो चिकटवा,
प्रत्येकी चार ओळी लिहा.

पहिलं चर्च. कुलूप.
किल्लीवाले लग्नाला मनमाडला गेलेत,
समोरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं.
जाळीतून डोकावलो: बाकं, धूळ,
एक लाल प्लास्टिकची खुर्ची.
निहारनं लिहिलं, चर्च छान आहे.

मग गोऱ्यांचं कब्रस्तान.
राखणदार नशीर तडवी शेळ्या हाकलत पुढे चालला.
शेवाळलेल्या दगडावरचं इंग्रजी
स्वरदानं बोटानं चाचपत वाचलं:
इंजिन ड्रायव्हर, वय एकतीस.
खाली बायको, वय बावीस.
त्याच्याखाली नाव नाही, नुसतं ‘तान्हं बाळ’.
किती लांबून आले आणि इथं, हेमराज म्हणाला.
आप्पा म्हणाले, मे महिन्यात भट्टीपुढे उभा राह्यला असंल.
बाहेर पंचेचाळीस. आत कोण मोजतं.
नमस्कार वगैरे केला नाही त्यांनी.
दगडाच्या फटीतलं गाजरगवत तेवढं उपटलं,
मुळासकट निघालं नाही म्हणून पुन्हा वाकले.

इन्स्टिट्यूटमध्ये लाकडी जमीन, नाचाची.
बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं कापड उंदरांनी खाल्लेलं.
मुलं घसरगुंडी खेळावी तशी घसरली या टोकापासून त्या टोकाला.
या ना आत काका, मॅनेजर म्हणाला,
आता सगळ्यांसाठी खुलं आहे.
आप्पांनी जमिनीकडे बघितलं,
मग आपल्या बुटांकडे.
इथून दिसतंय, म्हणाले.

बागेत जेवलो. शेजारी छोटी गाडी,
वीस रुपयांत दोन फेऱ्या, तोंडाला हत्तीची सोंड,
शिट्टी रेकॉर्ड केलेली.
आप्पा शेवटच्या डब्यात गुडघे छातीशी घेऊन बसले
आणि दोन्ही फेऱ्या ती शिट्टी ऐकत राहिले, कान देऊन.
उतरल्यावर म्हणाले, ही आपल्याकडची नही.
मुलं हसून हसून लोळली.

पाचवं, चौथऱ्यावरचं इंजिन.
भोवती तगर, साखळी, पाटी: हात लावू नये.
काळा रंग असा की त्यात आमचे चेहरे लांबट दिसले.
किती टन, कुठली बनावट, सेवेतून कधी मुक्त,
निहार भराभर उतरवून घेत होता.
मी वळून बघते तर आप्पा नाहीत.

वर होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस
साखळी ओलांडून वर कसा गेला, कोणी पाहिलं नाही.
डावा पाय पुढे, उजवा जरा मागे,
हात भट्टीच्या दाराच्या कडीवर.
ओढली. पुन्हा ओढली.
रंग दिला ना, खाली न बघता म्हणाले,
दारासकट रंगवून टाकलं.
मग वळले, वाकले, रिकामे हात भरले, फेकले.
वळले, वाकले.
मला वाटलं पाठ धरली. नव्हती धरली.
आप्पा घरात कधी सांगायचे नाहीत;
आम्हाला माहीत होती ती फक्त
आंघोळीनंतरही न जाणारी काळी नखं.

चौकीदाराची शिट्टी वाजली, खरी, तोंडानं फुंकलेली.
ओ बाबा! पाटी वाचता येत नाही?
उतरताना निहारचा खांदा लागला त्यांना.
येते की, आप्पा म्हणाले.
चौकीदार जवळ आला, त्यांच्या पायांकडे बघत राहिला,
मग आवाज उतरवून,
रेल्वेत होते का?
छे, आप्पा म्हणाले. बघायला आलो.

परतीला तापीच्या पुलावर झोपून गेले, तोंड उघडं.
निहारच्या चार ओळींतली एक उरली होती.
रात्री, जेवणं झाल्यावर, त्यानं ती लिहिली:
त्याचं दार उघडत नाही.